संध्याकाळी सातला जाणारं नेट : वायफाय डोंगलचं दुखणं कसं शोधायचं

नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातून नानांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "अरे, दुसरं डोंगल आणलं, तरी तेच. संध्याकाळचे सात वाजले की नेट गेलंच म्हणून समज. सकाळी बघावं तर ठणठणीत."

नानांच्या घरी यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या. कोण कुठल्या गावाहून आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कोणाच्या नावानं विधी झाला, सगळं मोडीत आणि बाळबोधीत लिहिलेलं. या वह्यांची पानं ते स्कॅन करून ठेवताहेत आणि रोज संध्याकाळी त्या दिवशीची पानं पुण्याच्या पुतण्याला पाठवतात. सातला नेट गेलं की दिवसभराचं काम अडकून पडतं. शेजारीपाजारी सगळ्यांनी कारण सांगून टाकलं होतं: संध्याकाळी सगळे घरी येतात, सगळे नेट वापरतात, लोड येतो. पटण्यासारखं कारण होतं, पण खरं नव्हतं. खरं काय होतं ते सापडायला मला एक सकाळ आणि एक संध्याकाळ लागली. तो शोध सांगता सांगता हे डोंगल कसं चालतं, कुठे अडतं आणि कसं तपासायचं तेही सांगतो. कारण नानांसारखीच कितीतरी माणसं चांगलं डोंगल खराब समजून दुसरं विकत आणतात.

आधी एक खुलासा. डोंगल म्हणजे इथे सिमकार्ड घालायचं डोंगल नव्हे. घरात फायबरचं कनेक्शन आहे, राउटर आहे, पण टेबलावरचा कॉम्प्युटर जुना किंवा असेंबल केलेला आहे, त्यात वायफाय नाही. म्हणून यूएसबी पोर्टात खोचायचा जो वायफाय अडॅप्टर आपण आणतो, तो. कुणी त्याला वायफाय रिसीव्हर म्हणतं, बहुतेक जण डोंगलच म्हणतात. दिसायला तो पेनड्राईव्हसारखा, काही तर नखाएवढे. पण पेनड्राईव्हच्या पोटात नुसती साठवण असते, आणि याच्या पोटात ऐकणारा आणि बोलणारा रेडिओ असतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं बरंच सोपं जातं. रेडिओ कुठे ठेवलाय, त्याच्या शेजारी काय आहे, त्याला वीज पुरेशी मिळते का, हे प्रश्न पेनड्राईव्हला विचारावे लागत नाहीत. डोंगलला विचारावेच लागतात.

या रेडिओला तीन कामं करावी लागतात. यूएसबी पोर्टातून वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला आपली ओळख द्यायची. ड्रायव्हरच्या मार्फत विंडोजशी बोलायचं. आणि हवेतून राउटरशी बोलायचं. राउटरच्या पलीकडचं इंटरनेट हा चौथा टप्पा, तो डोंगलच्या हातात नाही. आता "नेट चालत नाही" या एका वाक्यामागे यातलं काहीही असू शकतं. पोट दुखतंय म्हटल्यावर चांगला डॉक्टर लगेच गोळी देत नाही, बोटानं दाबून कुठे दुखतंय ते बघतो. तसंच इथे करायचं.

पहिली तपासणी मोबाइलची. त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का? मोबाइल डेटा बंद करून बघा, नाहीतर फसगत होते. मोबाइलवरही नेट नसेल तर डोंगलला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल तर तार बहुधा बाहेरच कुठेतरी तुटली आहे, फोन करून तक्रार नोंदवा. मोबाइलवर चालत असेल तर मोबाइल हातात घेऊन कॉम्प्युटरच्या मागे, डोंगल जिथे खोचलंय तिथे, जमिनीजवळ न्या आणि तिथे रेंज किती येते ते बघा. टेबलावर चार रेघा आणि टेबलाखाली दीड, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

दुसरी युक्ती खूप कामाची आहे आणि फार कमी लोकांना माहीत असते. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक फोन आपल्याला मिळणारं वायफाय या वायरीतून कॉम्प्युटरला देतात. म्हणजे तेवढ्यापुरता मोबाइलच डोंगल झाला. आता कॉम्प्युटरवर नेट चालू झालं, तर विंडोज ठीक, ब्राउझर ठीक, दुखणं डोंगलमध्ये किंवा त्याच्या जागेत. आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेट नाही, नेट यायला ड्रायव्हर नाही, हे त्रांगडंही याच वायरीनं सुटतं.

नानांकडे या दोन्ही तपासण्या पाच मिनिटांत झाल्या. मोबाइल ठीक, टेदरिंग ठीक. म्हणजे आता डोंगल आणि त्याच्या अवतीभवतीचं बघायचं.

कॉम्प्युटरला ते दिसतंय का?

डोंगल खोचल्यावर विंडोज एक आवाज करतं. तो आला म्हणजे निदान काहीतरी खोचलं गेलं हे कळलं. मग स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टर्सच्या खाली बघा. तिथे वायरलेस नावाचं काही असेल आणि त्यावर पिवळा त्रिकोण नसेल, तर पहिली दोन कामं बहुधा ठीक आहेत.

त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा क्लिक करा, आत एक आकडा असतो. आकडा २८ असेल तर ड्रायव्हर घातलेलाच नाही, हा सगळ्यात सोपा प्रकार. १० असेल तर ड्रायव्हर आहे पण त्याला डोंगल सुरू करता येत नाही; बहुतेक वेळा चुकीचा किंवा जुना ड्रायव्हर. ४३ असेल तर डोंगलनंच आपण बिघडल्याचं सांगितलंय, किंवा त्याला आपली ओळखच नीट देता आली नाही. अशा वेळी पोर्ट बदला, मधला हब, म्हणजे एका पोर्टाचे चार करणारी डबी, काढून टाका, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही ४३ आला तर डोंगल गेलं म्हणायला हरकत नाही. मी तरी तिथपर्यंत गेल्याशिवाय "गेलं" हा शब्द वापरत नाही.

इथे बंद करून परत चालू करण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळे ते करतात आणि बहुतेक जण चुकीचं करतात. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तुम्ही शटडाउन करता तेव्हा विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती, ड्रायव्हरसकट, डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. म्हणून ड्रायव्हर अडकून बसला असेल तर शटडाउन करून दहा वेळा चालू केलं तरी तो अडकलेलाच उठतो. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय पुष्कळ कॉम्प्युटर बंद केले तरी यूएसबी पोर्टात थोडी वीज खेळत राहते. डोंगलचा दिवा रात्रभर चमकत असेल तर तुमच्याकडे तसंच आहे. मग डोंगलची चिप कधी विझतच नाही. त्यामुळे खरी विश्रांती द्यायची तर कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, डोंगल काढा, मिनिटभर थांबा आणि मग सगळं परत लावा. एवढ्यानं जिवंत झालेली डोंगलं मी मोजली तर बरीच भरतील.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. चिपची भाषा वेगळी, विंडोजची वेगळी, दोघांच्या मधे बसणारा हा. घोळ होतो तो नावामुळे. डोंगलच्या पाकिटावर एक कंपनी असते आणि आतली चिप दुसऱ्याच कंपनीची. रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम अशा मोजक्या कंपन्या चिप बनवतात आणि बाकीचे ती आपल्या प्लास्टिकमध्ये घालून विकतात. त्यातही एकाच मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि तिसऱ्या आवृत्तीत दुसरी, असं सर्रास होतं. म्हणून पाकिटावरचं नाव शोधून ड्रायव्हर उतरवला तरी तो बसत नाही, आणि माणूस वैतागतो.

चिपची खरी ओळख डोंगल स्वतः सांगतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्सच्या पानावर जा, यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. तिथे व्हीआयडीच्या पुढे चार अक्षरं आणि पीआयडीच्या पुढे चार अक्षरं दिसतील. पहिली चार कंपनीची, दुसरी चार त्या चिपची किंवा मॉडेलची. व्हीआयडी ०बीडीए दिसलं की ते रिअलटेकचं, १४८एफ दिसलं की रॅलिंकचं. ही रॅलिंक कंपनी २०११ मध्ये मीडियाटेकनं घेतली. ही आठ अक्षरं जशीच्या तशी शोधा, म्हणजे नेमका ड्रायव्हर सापडतो. डोंगल बनवणाऱ्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या जागेवरूनच घ्या. "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा" असं सांगणारी फुकट सॉफ्टवेअरं कृपा करून घेऊ नका. त्यांच्यापायी चांगले चाललेले कॉम्प्युटर जाहिरातींनी भरलेले मी पाहिलेत, आणि ते साफ करायला ड्रायव्हर शोधण्याच्या चौपट वेळ जातो.

एक चमत्कारिक प्रकार सांगून ठेवतो. काही नव्या डोंगलमध्ये ड्रायव्हर आतच साठवलेला असतो. ती पहिल्यांदा खोचली की वायफाय म्हणून दिसतच नाहीत, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. त्या ड्राइव्हमधून ड्रायव्हर घातला की मग डोंगल वेष बदलतं आणि वायफाय होतं. कधी ते सीडीच्या वेषातच अडकून राहतं. अशा वेळी त्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून इजेक्ट केलं की बहुतेकदा ते शुद्धीवर येतं. माझ्याकडे एका मुलीचं "नवं कोरं बंद पडलेलं" डोंगल आलं होतं, ते एवढ्यानंच चालू झालं. तिचा मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज त्या दिवशी भरायचा होता.

वीज पुरते का?

यूएसबीच्या काळ्या, म्हणजे २.० च्या पोर्टातून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, असा नियम आहे. निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टातून ९००. ऐकताना डोंगल थोडीच वीज खातं, बोलताना जास्त. जोरात डाउनलोड चाललंय, राउटर लांब आहे, तेव्हा ते सगळ्यात जास्त ओढतं. आता त्याच पोर्टाला स्वतःचा अडॅप्टर नसलेला स्वस्त हब लावून त्यावर कीबोर्ड, माउस, पेनड्राईव्ह आणि डोंगल असं कुटुंब बसवलं, तर ५०० सगळ्यांत वाटले जातात आणि ऐन वेळी डोंगल उपाशी राहतं. कॅबिनेटच्या, म्हणजे आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्या डब्याच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून बारीक वायरनं मदरबोर्डला जोडलेले असतात. जुन्या डब्यात या वायरी सैल झालेल्या असतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, वीज तिथे भरवशाची.

नेट कधी जातं याकडे नीट लक्ष द्या, कारण तिथेच उत्तर असतं. मोठी फाइल उतरवताना जात असेल तर वीज कमी पडतेय किंवा डोंगल तापतंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा नखाएवढ्या डोंगलला बोट लावून बघा, चटका बसतो. उलट कॉम्प्युटर दहा मिनिटं नुसता ठेवला आणि आल्यावर नेट गेलेलं असेल, तर विंडोजनं वीज वाचवायला डोंगल झोपवलंय आणि ते जागं झालेलं नाही. त्याच प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचं पान असतं, तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढून टाका. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड नावाची सोय दिसली तर तीही बंद करा. घरच्या कॉम्प्युटरला त्यानं विजेच्या बिलात काही फरक पडत नाही.

नानांचं नेट मोठ्या फाइलला जात नव्हतं आणि रिकाम्या वेळीही जात नव्हतं. ते सातला जात होतं.

हवेतली गोष्ट

घरच्या वायफायच्या लहरी बहुधा दोन पट्ट्यांत असतात, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. स्वस्त डोंगलना फक्त २.४ कळतं. राउटरनं ५ चं वेगळं नाव ठेवलं असेल तर असल्या डोंगलला ते नाव कधीच दिसणार नाही. "मोबाइलमध्ये दिसतं, कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही" या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच. दुसरं कारण चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वेगवेगळ्या वाटा. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या हिशोबानं बनलेली काही डोंगलं ११ पर्यंतच ऐकतात. राउटर स्वतःहून १२ किंवा १३ वर गेला की त्यांच्यासाठी तो नाहीसा होतो, आणि दुसऱ्या दिवशी ६ वर आला की परत दिसतो. राउटरमध्ये चॅनेल ऑटो न ठेवता १, ६ किंवा ११ यातला एक नेमून द्या. हे तीनच का, तर चॅनेल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्‌झवर आणि प्रत्येकाची रुंदी मात्र २० ची. मधले सगळे शेजाऱ्याच्या अंगावर पडतात.

नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नाही, असं असेल तर राउटरची सुरक्षेची सेटिंग बघा. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षापद्धत आली. राउटर फक्त त्यावर ठेवला असेल तर जुनी डोंगलं दारातच अडकतात. डब्ल्यूपीए२ आणि ३ असं मिश्र ठेवलं की आत येतात.

आता जागेचं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणजे अर्ध्या वितीपेक्षा थोडी जास्त. नखाएवढ्या डोंगलमधला अँटेना त्या मानानं फारच तोकडा, त्याला ऐकू कमीच येतं. त्यात आपण ते खोचतो कुठे? कॅबिनेटच्या मागे, पत्र्याला चिकटून, भिंतीकडे तोंड करून, टेबलाखाली. रेडिओला पत्र्याच्या डब्यामागे उभं करायचं आणि वर ऐकू येत नाही म्हणून रागवायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे. मीटर-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, मोकळ्यावर आणा. केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, तेवढीच यूएसबी २.० ची मर्यादा आहे, आणि पातळ स्वस्त केबल दोन मीटरलाच वीज गाळते. या एका केबलनं जेवढी घरं सुखी केलीत तेवढी नव्या डोंगलनं केलेली नाहीत, हे मी जबाबदारीनं लिहितोय.

नानांचा वाडा बघितला असता तर तुम्हालाही काळजी वाटली असती. राउटर चौकापलीकडच्या खोलीत. मधे पांढऱ्या मातीची हात-दीड हात जाडीची भिंत. सिडकोतल्या नाहीतर इंदिरानगरमधल्या चार इंची विटांच्या भिंतीतून लहर निघून जाते, इथे ती अर्धमेली होऊन बाहेर पडते. आणि भिंतीला लागून माईंची मांडणी. खालपासून वरपर्यंत तांब्या-पितळेची भांडी, घंगाळं, हंडे, कळशा, भांडी बाजारातून तीन पिढ्यांनी जमवलेली, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली. धातूला लहर भेदून जात नाही, आपटून परत फिरते. म्हणजे राउटर आणि डोंगल यांच्यामधे एक चकचकीत पितळी भिंत उभी होती. मांडणी हलवा असं मी माईंना म्हणणार नव्हतो.

आधी आकडा घ्यायचा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून सीएमडी लिहिलं की काळी खिडकी उघडते. त्यात एन-ई-टी-एस-एच, मग जागा सोडून डब्ल्यू-एल-ए-एन, मग शो, मग इंटरफेसेस, असे चार शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत लोकेशन चालू करा असं सांगेल, तर करा. जोडणीचा सगळा हिशोब समोर येतो: कुठला चॅनेल, सिग्नल किती टक्के, रिसीव्ह रेट, म्हणजे राउटरकडून येण्याचा वेग, किती एमबीपीएस. सकाळी अकराला नानांकडे सिग्नल ४६ टक्के, रेट ३९. फार चांगलं नाही, पण पानं पाठवायला पुरेसं. मी आकडे वहीत लिहिले आणि नानांना म्हटलं, "संध्याकाळी येतो. तुम्ही रोज जे करता तेच करा, माझ्यासाठी काही बदलू नका."

पावणेसातला गेलो तेव्हा सगळं चालू होतं. दुसऱ्या काळ्या खिडकीत मी पिंग लावून ठेवलं. पिंग म्हणजे राउटरला सेकंदासेकंदाला हाक मारायची आणि तो ओ देतो का बघायचं. आधी पिंग, मग राउटरचा पत्ता, तो बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि शेवटी उणे चिन्ह आणि टी. राउटर नेमानं ओ देत होता. नानांनी दिवसाची पानं नीट नावं देऊन एका फोल्डरात ठेवली. मग उठले, कपाट उघडलं, मखमली पिशवीतून बाहेरची हार्डडिस्क काढली. "एक प्रत हिच्यावर ठेवतो रे रोज. कॉम्प्युटर गेला तर?" खाली वाकून त्यांनी ती कॅबिनेटच्या मागे लावली, निळ्या पोर्टात, डोंगलच्या अगदी शेजारी. कॉपी सुरू केली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजत होते.

पिंगच्या खिडकीत रिक्वेस्ट टाइम्ड आउट. परत. परत. मी पहिल्या खिडकीत पाहिलं. सिग्नल जवळजवळ तेवढाच, ४४ टक्के. पण रिसीव्ह रेट ३९ वरून ६.५ वर. मिनिटभरात जोडणी तुटली.

सिग्नल तेवढाच आणि बोलणं तुटतंय, हे कसं? रामकुंडावर गोदेच्या आरतीला उभे राहा आणि शेजारच्याशी बोलून बघा. त्याचा आवाज कमी झालेला नसतो, पण कानाशी घंटा वाजत असते. इथे घंटा होती हार्डडिस्क. यूएसबी ३.० चा डेटा सेकंदाला ५ गिगाबिट या वेगानं धावतो आणि धावताना पोर्टातून, वायरीतून रेडिओचा गोंगाट सांडतो. तो गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातही पडतो. हे कुणाचं अंदाजानं बोलणं नाही. इंटेलनं २०१२ मध्ये मोजमापं घेऊन हे मांडलं होतं. डोंगल शेजारच्याच पोर्टात, मांडणीपलीकडून येणारी हाक आधीच क्षीण, आणि कानाशी हा कल्लोळ. वायरलेस माउसही या वेळी अडखळत असतो का विचारलं तर नाना म्हणाले, "हो रे! मला वाटलं सेल संपला." माउसही त्याच पट्ट्यात बोलतो.

सकाळी ठणठणीत, संध्याकाळी बंद. दोन्ही डोंगलं चांगली होती. शेजाऱ्यांचा लोडही निर्दोष होता.

तुमच्याकडे असाच संशय असेल तर तपासणी सोपी आहे. पिंग चालू ठेवा, यूएसबीला लावलेली एकेक वस्तू काढा, पण एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेट येईल, पण का आलं ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात परत तिथेच याल.

जोडलेलं दाखवतं पण पान उघडत नाही, त्याबद्दल थोडक्यात. सीएमडीमध्ये आयपीकॉन्फिग लिहून बघा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, कॉम्प्युटरनं स्वतःच्या मनानं घेतलाय. वायफायचं नाव फर्गेट करून परत पासवर्ड टाका, राउटर एकदा बंद-चालू करा. पत्ता बरोबर आहे, राउटर ओ देतो, ८.८.८.८ हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ताही ओ देतो आणि तरी पानं उघडत नाहीत, तर नाव शोधून देणाऱ्या डीएनएसची गडबड. आणि जुन्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यातली तारीख जरूर बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा बटणसेल संपला की कॉम्प्युटर दर वेळी जुन्या सालात उठतो, आणि सुरक्षित संकेतस्थळं एकजात "जोडणी खाजगी नाही" म्हणून नकार देतात. लोक डोंगल बदलतात, बदलायचा असतो तो सेल.

नवीन घ्यायचंच असेल तर दोन्ही पट्टे असलेलं घ्या, शक्यतो बाहेर दांडीसारखा अँटेना असलेलं. पाकिटावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. २.४ वर १५० लिहिलेलं असतं ते दुप्पट रुंद चॅनेल मिळालं तर. गर्दीच्या वस्तीत राउटर २० च्याच रुंदीवर चालतो, तिथे जोडणीचा कमाल रेट ७२, आणि प्रत्यक्ष हातात येतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि कॉम्प्युटर जागचा हलणारच नसेल, वायर न्यायला वाट असेल, तर लॅन केबलसारखं सुख नाही. तिला भिंत, भांडी, शेजारी कशाचंच वावडं नसतं आणि ती १०० मीटरपर्यंत निमूट चालते. नानांच्या वाड्यात चौकातून वायर टांगायला माईंची तयारी नव्हती, त्यांचं तुळशीवृंदावन तिथे आहे.

म्हणून आम्ही हे केलं. हार्डडिस्क पुढच्या पोर्टात आणली. डोंगलला दीड मीटरची एक्स्टेन्शन लावून ते चौकाकडच्या खिडकीपर्यंत नेलं. तिथून राउटरची खोली सरळ दिसते, मधे भिंत नाही, मांडणी नाही. खिडकीच्या गजाला बांधायला काही हाताशी नव्हतं. माईंनी देवघरातून नाडाछडी आणली आणि नानांनी तिच्या दोन गाठी मारल्या. सिग्नल ७८ टक्के, रेट ६५. मग नानांनी हार्डडिस्कवर कॉपी लावली, आणि ती चालू असतानाच त्या दिवशीची त्रेचाळीस पानं पुण्याला पाठवून दिली. पिंगच्या खिडकीत एकही ओळ चुकली नाही.

दुसरं डोंगल इंदिरानगरला नानांच्या नातीच्या कॉम्प्युटरला लागलंय. तिथेही एक्स्टेन्शन केबलवर, टेबलाच्या वर.